चित्रकार मुक्कामाला येतात तेव्हा

दोस्तांनो,

गेल्या आठवड्यात पत्रांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड पाकीट आलं. पत्ता तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेला. आत वहीची सहा पानं. वैतरणा खाडीच्या काठावरच्या एका शाळेतल्या सातवीच्या वर्गानं मिळून लिहिलेलं पत्र होतं ते, म्हणून दर चार ओळींनी अक्षर बदलत होतं. एके ठिकाणी शाई सांडली होती. तिथं बाण काढून लिहिलं होतं, ‘मावशी, हे चित्र नाही, हा डाग आहे.’

पत्रातली हकिकत अशी. मुंबईचे पाच चित्रकार त्यांच्या गावात तीन आठवडे राहायला येणार आहेत. जानेवारीत. शाळेची रस्त्याकडची लांबलचक भिंत गावकऱ्यांनी आणि मुलांनी त्यांच्याबरोबर रंगवायची आहे. रंग पाहुणे आणणार, राहायची सोय गावानं करायची. सर खूश, सरपंच खूश. मुलं तर काय, तीन आठवडे गणिताचा तास बुडणार म्हणून आधीच नाचायला लागलेली! आणि मग पाहुण्यांनी भिंतीवरच्या चित्राचा कच्चा आराखडा पाठवला. पुढचं मुलांच्याच शब्दांत वाचा :

‘चित्रात तारपा नाच आहे, झोपड्या आहेत आणि डोंगर आहे. पण मावशी, आमच्या गावात तारपा नाही. डोंगर लांब दिसतो. आमच्याकडं खाडी आहे, चिंबोऱ्या आहेत, तिवरं आहेत, रेल्वेचा पूल आहे. वर्गात तीन मुलं वारली आहेत. सर म्हणाले, त्यांना पुढं करा. पण ती म्हणतात, आम्हाला असली चित्रं येत नाहीत, आम्ही कधी काढलीच नाहीत. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हटलं नि ते आलेच नाहीत तर?’

वाचलंत ना? मी हे पत्र दोनदा वाचलं, चहा गार झाला, आणि मग ठरवलं की या आठवड्याचं पान याच मुलांसाठी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. चित्रकार, शिल्पकार, लेखक आपलं घर सोडून काही दिवस दुसऱ्या गावी राहतात आणि तिथंच काम करतात, त्याला ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्याकडं त्याला मुक्काम म्हणत. कल्हईवाला यायचा, चार दिवस पिंपळाखाली भाता मांडून बसायचा. जात्याला टाकी लावणारे यायचे. बहुरूपी यायचे. चार दिवसांत त्यांना गावातल्या सगळ्या भांड्यांची आणि सगळ्या भांडणांची माहिती झालेली असायची! काम मात्र गावाच्या गरजेचं असायचं. तुमच्या पातेल्याला कल्हई लावायची की नाही, हे तुमची आई ठरवायची, कल्हईवाला नाही.

हल्लीच्या मुक्कामांत नेमकी इथंच गडबड होते. मी ती स्वतः केलेली आहे, म्हणून सांगते.

कॉलेजात असताना आम्ही दहा-बारा जण एका पाड्यावरच्या शाळेची भिंत रंगवायला गेलो होतो. दोन दिवसांचा मुक्काम. पहिल्या दिवशी सकाळी उतरलो ते थेट बादल्या घेऊन कामाला लागलो. भिंतीला दोन हात चुना दिला. दुसऱ्या दिवशी त्यावर मोर, उगवता सूर्य आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’. मुलं दोरीच्या पलीकडं उभी राहून बघत होती. आम्ही त्यांना पानांत हिरवा रंग भरायला दिला, तोही रेघेबाहेर जाऊ नये म्हणून ओरडत ओरडत. संध्याकाळी फोटो काढले. तेवढ्यात एक लहान मुलगी माझ्याजवळ आली आणि दाराच्या बाजूच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं बोट दाखवून म्हणाली, ‘माझ्या भावाची रेघ कुठं गेली?’

मला काही समजेना. मग तिथल्या सरांनी सांगितलं. दर वर्षी पावसाळ्याआधी ते प्रत्येक मुलाला दाराशी उभं करायचे आणि डोक्याच्या उंचीवर कोळशानं रेघ मारून नाव लिहायचे. बऱ्याच वर्षांच्या रेघा होत्या तिथं. त्या मुलीचा भाऊ आता नव्हता. सर आम्हाला रागावले नाहीत. ‘तुम्हाला काय माहीत’ एवढंच म्हणाले. पण माहीत करून घ्यायला आम्हाला कुणी अडवलं होतं का? एक दिवस नुसतं बसलो असतो, तर कळलं असतं. आमचा मोर पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरून गळून पडला, असं नंतर ऐकलं. मला वाईट वाटलं नाही.

आता तुमच्याच भागातली एक जुनी गोष्ट. वैतरणेच्या उत्तरेला, डहाणूच्या पलीकडं, बोर्डी नावाचं गाव आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तिथं लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शाळा काढली, पण वस्तीवरची मुलं काही शाळेत येईनात. तेव्हा या दोघींनी काय केलं? शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली! ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द तिथला आहे. पुढं १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर राहायला गेल्या. तिथं मुलं दिवसभर गुरं राखायची. मग शाळा कुरणात गेली, तिचं नाव ‘कुरणशाळा’. शिकवायचं साहित्य म्हणजे बिया, शंख-शिंपले, खडे, पानं. शहरातून खोकी भरून काही आणायचं नाही, जे तिथं आहे त्याच्यावरच भागवायचं. ताराबाई आणि अनुताई चित्रकार नव्हत्या. पण परक्या गावी मुक्काम कसा करावा, हे कुणाकडून शिकायचं असेल तर मी आधी त्यांचं नाव सांगेन. (हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता बरं का! पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.)

आणि चित्रांचं म्हणाल, तर डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावाला गेल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

वारली चित्रं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. कपबशीवर, चादरीवर, साडीवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरसुद्धा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार. पण मुळात ही चित्रं शोभेसाठी नव्हती. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर, शेणानं सारवून गेरू दिलेल्या जागी, तांदळाच्या पिठानं लग्नचौक लिहायचा. हो, ‘लिहायचा’ असंच म्हणतात. हातात बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. चौकात पालघट देवी. आणि हा चौक लिहायचा मान सुवासिनींचा. तो झाल्याशिवाय लग्न लागायचं नाही. म्हणजे चित्र कधी, कुठं, कुणी आणि कशासाठी काढायचं, हे सगळं ठरलेलं होतं.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर आले. त्याआधी बिहारमध्ये दुष्काळ पडला होता, तेव्हा त्यांना मधुबनीला पाठवलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिले, म्हणजे चित्रं विकून चार पैसे हाती येतील. तसंच काम त्यांनी इथं केलं. गंजाडमध्ये त्यांना एक माणूस भेटला. लहानपणी आई गेली, तेव्हापासून फारसा न बोलणारा, मातीत रेघा ओढून मनातलं सांगणारा. त्याचं नाव जिव्या सोमा म्हसे. कुलकर्ण्यांनी त्याला कागद दिला आणि मग तो थांबलाच नाही. लग्नचौकाच्या बाहेरचं सगळं जग त्यानं काढलं. जाळ्यातले मासे, मुंग्या, झाडं, गाड्या, आणि वेटोळं घालून नाचणारी माणसं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले.

ही गोष्ट फार सुंदर आहे आणि ती नेहमी इथंच संपवतात. मी जरा पुढं जाते. भिंतीवर लिहिणाऱ्या त्या सुवासिनींचं काय झालं? कागदावर जी नावं गाजली, त्यांत बरीचशी पुरुषांची होती. कुणी कुणावर मुद्दाम अन्याय केला असं मी म्हणत नाही. पण बाहेरून माणूस येतो, कागद देतो, तेव्हा गावात काहीतरी हलतं. कुणाचं नाव पुढं जातं, कुणाचं मागं राहतं. मुक्काम ठरवताना हे आधीच बोलून घेतलेलं बरं. आणि तुमच्या वर्गातल्या त्या तीन मुलांबद्दलही इथंच सांगते. ती वारली आहेत म्हणून त्यांना तारपा आलाच पाहिजे, असं कुठं आहे? तुमच्यातल्या कितीजणांना पणजोबांचं काम येतं, हात वर करा बरं!

गंजाडमध्येच २०१३ साली आणखी एक मुक्काम झाला. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल तिथं आल्या आणि राजेश वांगड या वारली चित्रकाराच्या घरी राहिल्या. राजेशदादा त्यांना रोज गावाभोवती फिरवायचे. इथं असं घडलं, त्या झाडाखाली तसं झालं, इथून पाणी आलं, तिथं दुष्काळात लोक बसले होते. गौरीताई फोटो काढत राहिल्या. परत गेल्यावर त्यांनी फोटो मांडले आणि त्यांच्या लक्षात आलं की राजेशदादांनी सांगितलेलं यात काहीच नाही! फोटोत नुसतं माळरान होतं, झाड होतं, आणि एका बाजूला उभे राजेशदादा. गोष्टी गायब!

तुम्ही असता तर काय केलं असतं? फोटो फाडून टाकले असते? गौरीताईंनी ते मोठे करून राजेशदादांना दिले आणि म्हणाल्या, तुम्हीच यावर काढा. मग राजेशदादांनी काळ्या शाईनं फोटोतल्या मोकळ्या आभाळात आणि मातीत बारीक बारीक वारली चित्रं भरली. देव, पाऊस, पूर, माणसांची रांग, कारखाने, पक्षी. फोटो एकाचा, चित्र दुसऱ्याचं, आणि काम दोघांच्या नावावर. ‘फील्ड्स ऑफ साइट’ असं त्या मालिकेचं नाव. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पाहुणीला आधी चूक करायला वेळ मिळाला. ‘माझ्या फोटोत गाव आलंच नाही’ हे कळायलाच दिवस लागतात. आमच्या दोन दिवसांच्या मोराला ते कधी कळणार!

त्याच गौरीताई पुढं जव्हारकडं गेल्या. जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो, रात्रभर देवादिकांची सोंगं नाचतात, हे त्या भागातल्या मुलांना सांगायला नको. त्या सोंगांचे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ त्यांना भेटले. गौरीताईंनी त्यांना मुखवट्यांचं काम दिलं, पण म्हणाल्या, या खेपेला देव नको, रोजचं जगणं दाखवा. झालं! माणसांचे चेहरे, प्राणी, पक्षी, रोजच्या वापरातल्या वस्तू, सगळ्यांचे मुखवटे तयार झाले. गावातल्याच लोकांनी ते घातले आणि आपापली कामं करत फोटोला उभे राहिले. कुणी घरात, कुणी दुकानात. २०१८ साली हे फोटो न्यूयॉर्कला मोमा पीएस १ या संग्रहालयात लागले होते. देवांचे मुखवटे बोहाड्यातच राहिले, त्यांना हात लागला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. गावाची प्रत्येक गोष्ट पाहुण्यांसमोर मांडायलाच हवी, असं नसतं.

भिंत रंगवायलाच हवी का, असाही एक प्रश्न आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरकडं कोंडागाव आहे. मुंबईच्या चित्रकार नवजोत अल्ताफ १९९७ च्या सुमाराला तिथं काम करायला गेल्या आणि तिथल्या शांतीबाई, राजकुमार अशा कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. सगळ्यांनी मिळून ठरवलं की गावच्या हातपंपांवर काम करायचं. का? तर तिथं दिवसभर बायका आणि मुली येतात, आणि भोवती नुसता चिखल. मग त्यांनी पंपाभोवती भिंती बांधल्या, त्यावर आपली चिन्हं कोरली, सांडलेलं पाणी वाहून जायची सोय केली. आणि भिंतीत ठरावीक उंचीवर कट्टे ठेवले. कशाला ठाऊक आहे? भरलेली घागर जमिनीवरून एकदम डोक्यावर घेताना कंबर मोडते. आधी कट्ट्यावर ठेवायची, मग तिथून डोक्यावर. ज्या मुलीनं कधी पाणी भरलंय तिला हा कट्टा कळेल. त्या जागांना ‘नळपार’ म्हणतात. मुलांसाठीही त्यांनी बसायच्या-खेळायच्या छोट्या जागा बांधल्या, त्यांचं नाव ‘पिला गुडी’. पिला म्हणजे आपलं पिल्लू, लहान मूल. गुडी म्हणजे देऊळ. पिल्लांचं देऊळ! नाव ऐकूनच तिथं जाऊन बसावंसं वाटतं.

आता तुमच्या गावाकडं येऊ या.

विरार सोडलं की वैतरणा, मग सफाळे. दोन स्टेशनांच्या मधे गाडी खाडीवरच्या पुलांवर चढते आणि खडखडाट बदलतो, तेव्हा खिडकीशी बसलेलं प्रत्येक पोर बाहेर बघतं. त्या दोन पुलांच्या मधे वाढीव बेट आहे. तिथल्या माणसांनी कित्येक वर्षं रेल्वे पुलाच्या कडेनं जीव मुठीत धरून चालत स्टेशन गाठलंय. पत्रात तुम्ही ‘रेल्वेचा पूल’ असे दोनच शब्द लिहिलेत, पण तुमच्या आज्यांना विचारा, त्या दोन शब्दांत किती गोष्टी आहेत! आजोबांपैकी कुणी रेतीसाठी खाडीत डुबी मारलेली असेल. ते बादली घेऊन तळाशी जायचे तेव्हा पाण्यात डोळे उघडे ठेवायचे का मिटून घ्यायचे? मला खरंच माहीत नाही. तुम्ही विचारा आणि मला कळवा.

आणखी एक गंमत. पाहुणे मुंबईचे आहेत ना? मग त्यांची नि तुमची जुनी ओळख आहे. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवते आणि तुमच्या गावापर्यंत पोचायच्या आधीच धरणांत अडते. १९५७ सालापासून मोडक सागरचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. म्हणजे हे पाचही जण बहुधा तुमच्या नदीचं पाणी पिऊनच मोठे झालेत. पहिल्या दिवशी त्यांना एवढंच सांगा, बघा कसे चमकतात.

पण तारीख ठरवायच्या आधी एक गोष्ट तपासा. जानेवारी हा पाहुण्यांना सोयीचा महिना आहे, हवा छान असते. गावाला सोयीचा आहे का? आवणीच्या दिवसांत कुणाला वेळ नसतो आणि भिंतही ओली असते. कापणीतही तेच. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या एखाद्या पाड्यानं हे पत्र लिहिलं असतं, तर मी जानेवारीला नाहीच म्हटलं असतं. कारण तिथली कितीतरी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात, आणि काही महिन्यांनी परत येतात. मुलंही आईबापांबरोबर जातात. भिंत रंगवायला गावात उरणार कोण?

ही माणसं जातात कुठं? वसई, भिवंडीकडं, आणि तुमच्याकडंही! तुमच्या गावाबाहेर वीटभट्टी आहे का? असली तर एकदा संध्याकाळी सरांबरोबर तिकडं चक्कर मारा. तिथं तुमच्या वयाची मुलं असतील. ती तुमच्या शाळेत येतात का? आणि कुणी सांगावं, ‘आमच्या गावात तारपा नाही’ असं तुम्ही लिहिलंत, पण तुमच्या हाकेच्या अंतरावर एखादा तारपा वाजवणारा विटा थापत असेल. त्याला कुणी विचारलेलं नसेल, एवढंच. त्याला भिंतीजवळ यावंसं वाटलं आणि त्यानंच तारपा काढला, तर तो तारपा तुमच्या गावचा झाला. मुंबईहून आराखड्यात आलेला तारपा वेगळा आणि हा वेगळा.

पालकांसाठी दोन गोष्टी लिहिते, मुलांनी हा भाग त्यांना वाचून दाखवावा. पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची सोय गावानं करायची असं ठरलंय. करा, पण ती नेमकी कोण करणार हे सभेत बोला. नाहीतर पाच माणसांच्या भाकऱ्या तीन आठवडे एकाच घरातल्या बाईवर येतात आणि फोटोत ती कुठंच नसते. तसंच कुणी मजुरी बुडवून भिंतीवर काम करणार असेल, किंवा एखादी आजी पाहुण्यांना काही शिकवणार असेल, तर तिला त्या दिवसाचे पैसे मिळायला हवेत. चित्रकार रंगाचे पैसे देतो, गाडीचे देतो, मग माणसांचे का नाही? हे आधी विचारायला संकोच वाटतो, पण काम झाल्यावर विचारायला त्याहून जास्त वाटतो.

आणि नावं. भिंतीच्या कोपऱ्यात फक्त पाच नावं येणार असतील तर ती नकोत. सगळ्यांची घाला, कुडाला शेण लावणाऱ्याचंही. जागा पुरणार नाही म्हणाल, तर अक्षर बारीक काढा.

आता राहिला मुख्य प्रश्न, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मला वाटतं, ‘नाही’ म्हणायचंच नाही. त्यांना पत्र लिहायचं. मला लिहिलंत तसंच, दर चार ओळींनी अक्षर बदलणारं. साधारण असं :

‘तुमचं चित्र पोचलं. छान आहे, पण ते आमच्या गावाचं नाही. तुम्ही या. पहिला आठवडा रंगाचे डबे उघडू नका. आम्ही तुम्हाला ओहोटीला खाजणात नेऊ, चिंबोरी बिळातून कशी काढतात ते दाखवू. पुलाजवळ नेऊ. सात आज्या आणि चार आजोबा यांच्याकडं आम्ही वेळ मागून ठेवली आहे. आठव्या दिवशी आपण सगळे भिंतीसमोर बसू आणि काय काढायचं ते ठरवू. कदाचित काही बांधायचंही ठरेल. शिवाय भिंतीवर आत्ता काय काय आहे, ते आम्ही तुम्हाला आधी दाखवणार आहोत. ते पुसायचं की ठेवायचं, हे आम्हाला विचारल्याशिवाय चुना लावू नका.’

शेवटचं वाक्य विसरू नका हं. ते माझ्यासाठी लिहा.

ते आलेच नाहीत तर? खरं सांगू, असंही होऊ शकतं. ज्यांना फक्त भिंत हवी आहे ते दुसरी भिंत शोधतील. पण मी ओळखते त्या चित्रकारांपैकी बहुतेकजण असलं पत्र हातात पडल्यावर रात्रीच्या गाडीनं निघतील. आणि आठवडाभर डबे उघडायचे नाहीत म्हणजे हात बांधून बसायचं असं थोडंच आहे? जपानचे युसुके असाई नावाचे चित्रकार आहेत. ते जिथं जातात तिथल्या मातीनंच चित्रं काढतात. २०१० साली काही जपानी मंडळींनी बिहारमध्ये बोधगयेजवळच्या सुजाता गावात शाळेच्या भिंती रंगवायचा उत्सव सुरू केला, तिथंही त्यांनी मातीच वापरली. (तोच उत्सव पुढं आपल्या गंजाडच्या जिल्हा परिषद शाळेतही आला होता.) तुम्ही आत्तापासून बाटल्या जमवायला लागा. खाजणातला काळा चिखल, बांधावरची पिवळट माती, लांब दिसणाऱ्या त्या डोंगराची तांबडी माती, चुलीतली राख, भट्टीवरच्या फुटक्या विटेची पूड. वाळवा, कापडातून चाळा, पाण्यात थोडा डिंक घालून कालवा आणि कागदावर ओढून बघा. ओली असताना दिसते तशी माती वाळल्यावर दिसत नाही, म्हणून प्रत्येक रंगाखाली नाव लिहून ठेवा. किती छटा निघाल्या ते मोजा. माझ्या एका मैत्रिणीनं एकदा एकाच गावच्या अकरा काढल्या होत्या.

तुमची पत्रं आणि मातीचे नमुने (कागदावर ओढलेले पाठवा, बाटल्या नकोत, मागच्या वेळी पोस्टमनकाका फार रागावले होते) महिनाअखेरपर्यंत येऊ द्या. वैतरणेच्या सातवीच्या वर्गानं पाहुण्यांना लिहिलेल्या पत्राची एक प्रत मला पाठवायची आहे. उत्तर आलं की तेही.

आणि पहिल्या पानावरच्या त्या शाईच्या डागाबद्दल. तुम्ही म्हणता तो डाग आहे. मी पान उलटंपालटं करून बराच वेळ बघितलं. वरून बारीक येतो, मधे दोन फाटे फुटतात, फाट्यांच्या मधे थोडी कोरी जागा राहते, आणि खाली एकदम पसरतो. नकाशाची वही काढा आणि तुमच्या खाडीशी ताडून बघा बरं.

तुमची,
मावशी